हावभावांचे आकलन

दुसऱ्याच्या शरीराची हालचाल पाहून तिचा अर्थ लावण्याची मेंदूची क्रिया. उदाहरणार्थ, इंदापूर तालुक्यातील बेलवाडीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण होते. तिथे टाळकऱ्याचा तोल झुकताच जाणत्याला पुढची पावली, म्हणजे नाचाचे पाऊल, कळते. अशा हालचालींची ओळख पटवण्यात कानामागच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या एका खोबणीचा मोठा वाटा असतो.

1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी अंधारात केवळ सांध्यांवरचे प्रकाशठिपके दाखवले, तरी प्रेक्षकांनी चालणारा माणूस क्षणात ओळखला. केवढी विलक्षण ही क्षमता!

1990च्या दशकात इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलाती यांच्या गटाला माकडांत ‘आरसा-चेतापेशी’ आढळल्या. कृती करताना आणि ती पाहतानाही त्या उद्दीपित होतात. माणसातील त्यांच्या भूमिकेवर मात्र मतभेद आहेत. 2005 च्या एका अभ्यासात बॅले व कापोएरा या ब्राझिलियन युद्धनृत्याच्या कलाकारांच्या मेंदूने स्वतः शिकलेल्या हालचालींना अधिक प्रतिसाद दिला. पावली खेळणाऱ्या वारकऱ्याबाबतही तसेच घडत असावे.