भोर-वेल्ह्याचे परडे : एका वर्षाच्या जमाखर्चाचा इतिहास

परसबागेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला पहिली अडचण येते ती साधनांची. राज्यसत्ता ज्या गोष्टीवर कर बसवते तिचीच नोंद ठेवते, आणि घरामागच्या चार वाफ्यांत काय उगवले, काय कुजले, काय माकडांनी नेले याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडत नाही. भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ तालुक्यांत परसबागेला परडे म्हणतात. घराची मागची पडवी, तिच्या पलीकडची मोरी, उकिरडा, गोठ्याची भिंत आणि काटेरी फांद्यांचे कुंपण यांच्यामध्ये उरलेली ही जागा सहसा काही हातांचीच असते. तरीही मावळातल्या घराला वर्षातले निदान पाच-सहा महिने भाजी पुरवण्याचे काम तिनेच केले आहे.

जुन्या मराठी महसूलव्यवस्थेत गावाच्या जमिनीचे दोन मोठे भाग पाडलेले असत. ज्या जागेवर घरे बसलेली तिला पांढरी आणि जिच्यात नांगर चाले तिला काळी म्हणत. जमाबंदीचा सगळा भर काळीवर होता, कारण धान्य तेथे पिकत असे. परडे मात्र पांढरीत येई, म्हणजे ते शेतसाऱ्याच्या हिशेबाबाहेरच राही. या पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, गुरांचे शेण, केरकचरा आणि पडक्या भिंतींचा चुरा पचवून कसदार झालेली असते, ही गोष्ट इतिहासकारांनी जितकी ध्यानात घ्यायला हवी होती तितकी घेतलेली नाही. घाटमाथ्याजवळच्या उतारांवर मुसळधार पावसाने मातीचा कस दरवर्षी वाहून जातो, तेथे गावातला हा छोटा तुकडाच सर्वांत सुपीक ठरतो. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजावा लागतो, म्हणजे पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून जमीन जाळून घ्यावी लागते. परड्याला मात्र घरचा राबता हेच खत असते.

परड्यातली भाजी कागदावर उमटते ती बहुधा कोणी तरी ती मागू लागल्यावर. बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याकडून वतनदार जी मूठ-ओंजळभर वस्तू हक्क म्हणून घेत, तिला फसकी म्हणत आणि हक्कांच्या याद्यांत तिचा उल्लेख येतो. याहून बोलका पुरावा शिवकालीन आहे. वेल्हे तालुक्यातला राजगड ही दीर्घकाळ ज्यांची राजधानी होती, त्या शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये अशा अर्थाची ताकीद दिली. पत्र कोकणातल्या सुभ्याला उद्देशून असले, तरी रयतेच्या मालकीची सर्वांत क्षुल्लक वस्तू कोणती, असा विचार करताना राज्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे भाजीचा देठ आला, याला महत्त्व आहे. एवढीशी वस्तूही शिपायाच्या हाती लागते आणि ती लागली की घरातल्या बाईचे नुकसान होते, याची पक्की जाण त्यामागे दिसते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडांवर आंबा, फणस, चिंच यांसारखी मोठी झाडे, लिंबे-नारिंगांसारखी लहान झाडे आणि फुलझाडे लावून ती जतन करावीत असा उपदेश आला. तेथे लागवडीमागे वेढ्याच्या प्रसंगी लाकूड हाताशी असावे हा लष्करी विचारही आहे. परड्याचा हेतू त्याहून साधा, रोजच्या कोरड्यासाचा होता.

छत्रपती राजारामांनी १६९७ साली शंकराजी नारायण यांना सचिवपद दिले आणि त्यांच्या घराण्याकडे आलेल्या मुलखातून भोर संस्थान उभे राहिले. तोरणा आणि राजगड हे किल्ले याच संस्थानात होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंतच्या अडीचशे वर्षांतही परड्याची स्वतंत्र नोंद झाल्याचे दिसत नाही. म्हणून हा इतिहास दुसऱ्या एका साधनातून वाचावा लागतो, आणि ते साधन म्हणजे घरोघर पाळले जाणारे सणावारांचे वर्ष. कोणत्या तिथीला कोणती भाजी नैवेद्याला हवी आणि कोणती वर्ज्य, हे नियम शास्त्रग्रंथांतून आले असे मानले जाते. पण ते मावळातल्या परड्याच्या वर्षावर ठेवून पाहिले तर त्यांत यशापयशाचा जमाखर्च बऱ्याच अंशी उतरलेला दिसतो.

हे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, ते अक्षय्य तृतीयेला सुरू होते. वैशाखातल्या या तिथीला आळी करून वेलांच्या बिया आणि अळूचे कंद लावण्याचा प्रघात आहे. आळे म्हणजे वीतभर खोल आणि हातभर रुंद असा गोल खड्डा. त्यात कुजलेले शेणखत आणि राख मातीत कालवून भरतात, कडेने मातीची पाळ घालतात आणि मधोमध तीन-चार बिया खोचतात. पाऊस अजून महिनाभर दूर असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात, तरी तांब्या-तांब्याने पाणी घालून हे वेल जगवले जातात. या खटाटोपामागे अनुभवाचा पक्का हिशेब आहे. मृग लागल्यावर पेरलेली वेलभाजी उगवते खरी, पण लगेच आर्द्रा-पुनर्वसूची झड सुरू होते, दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही आणि दोन पानांवर आलेले रोप पिवळे पडून मुळाशी कुजते. वैशाखात लावलेला वेल तोवर मांडवाला टेकलेला असतो आणि झड सोसण्याइतका जून झालेला असतो. अंकुरावर तांबडे भुंगेरे तुटून पडतात तेही याच सुमारास, आणि त्यांच्यावर सकाळी दवाने ओल्या पानांवर चुलीची राख उधळणे हा मावळातला जुना उपाय आहे.

आषाढ हा परड्याचा तोट्याचा महिना. भोरच्या पूर्वेकडे, पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूला, पाऊस बेताचा असतो. पण हिरडस मावळात किंवा वेल्ह्याच्या पश्चिम टोकाला मढे घाटाच्या बाजूला तो अनेक पटींनी वाढतो, आणि वीस-पंचवीस मैलांच्या अंतरात बागेचे नशीब बदलते. पश्चिमेकडे मिरचीची रोपे उभ्या उभ्या मरतात, भेंडी खुरटते, गोगलगायी एका रात्रीत कोवळे शेंडे संपवतात. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. रात्रभर पाऊस लागला की पराग वाहून जातात, परागीभवन करणारे कीटक बाहेर पडत नाहीत आणि मादी फुलामागची बोटभर फळे पिवळी पडून गळतात. या महिन्यात घर तरते ते आपोआप उगवणाऱ्या रानभाज्यांवर आणि मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळूवर. मोरीचे पाणी सोडायचे कोठे हा प्रश्न अळू आणि केळ यांनी सोडवला आहे, आणि परड्याच्या रचनेत याहून शहाणपणाची दुसरी गोष्ट दाखवता येणार नाही.

श्रावणात उघडीप मिळाली की मांडव भरू लागतो. हा मांडव कारवीच्या काठ्यांचा. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे झुडूप असून त्याच्या सरळ काठ्या कुडासाठीही वापरतात. नागपंचमीला जमीन खणू नये, भाजी चिरू नये असा नियम आहे, तो वेल ऐन वाढीत असताना मुळांना विश्रांती देतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमी येते आणि परड्याचा सर्वांत मोठा दाखला येथे मिळतो. या दिवशी व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खात नाहीत. आपोआप उगवलेले देवभात किंवा हाताने खणलेल्या जागेतले धान्य, आणि अळू, भोपळा, दोडका, पडवळ, माठ, भेंडी, सुरण अशा भाज्या एकत्र शिजवून खातात. व्रताची धार्मिक कारणे काहीही असोत, नांगराविना काय काय पिकते याची ती पक्की यादी आहे, आणि ती यादी म्हणजेच परडे. शिवाय हे व्रत बायकांचे आहे. नांगर पुरुषांचा आणि काळीतला; कुदळ, खुरपे बायकांचे आणि पांढरीतले, ही श्रमाची वाटणी या एका दिवसाच्या ताटात जशी स्पष्ट दिसते तशी ती कोणत्याही महसुली कागदात दिसत नाही. लागोपाठ येणाऱ्या गौरींना सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवण्याची चाल अनेक घरांत आहे. परड्यात त्या सोळा भरल्या नाहीत तर शेजारणीशी देवघेव करून भरतात. एका घरी पडवळ आले नाही आणि दुसऱ्या घरी घोसाळे आले नाही, तरी वाडीचे मिळून वर्ष साजरे होते, आणि अपयश वाटून घेण्याची ही रीत सणाच्या पोटातच बसवलेली आहे.

याच नैवेद्यात तांबडा भोपळा असतो आणि श्रावणघेवडाही असतो, ही बाब थांबून विचार करण्याजोगी आहे. दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची, पेरू, पपई यांच्याप्रमाणे पोर्तुगीजांच्या काळापासून समुद्रमार्गे आलेले. दुधी, वाल, वांगे, अळू यांचा येथला इतिहास त्यांच्याहून कितीतरी जुना. बटाट्याला, टोमॅटोला हे स्थान सहजी मिळाले नाही, पण भोपळ्याला मिळाले, कारण तो बिनबोभाट उकिरड्यावर वाढला, छपरावर चढला आणि काढून ठेवला की महिनोन्‌महिने टिकला. परंपरा नव्या पिकाला नकार देते असे सरसकट म्हणणे म्हणूनच चूक आहे. परड्याने नवे पीक पारखून घेतले, आणि टिकाऊपणा ही त्या पारखीतली मोठी कसोटी होती.

चातुर्मासात वांगे वर्ज्य मानतात आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचे भरीत आणि भाकरी करून ते पुन्हा खायला सुरुवात करतात. पावसाळ्यात शेंडे आणि फळे पोखरणारी अळी वांग्याचे नुकसान करते म्हणून हा निषेध आला, असे स्पष्टीकरण अलीकडे वारंवार दिले जाते. ते मोहक आहे, पण निषेध मावळाबाहेरही सर्वत्र पाळला जातो, त्यामुळे एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. एवढे मात्र खरे की श्रावण-भाद्रपदात लावलेली रोपे नेमकी याच सुमारास भराला येतात आणि निषेध सुटण्याच्या दिवशी झाडाला वांगी असतात. पौषातल्या भोगीला पावटा, वालपापडी, ओला हरभरा, गाजर आणि वांगी यांची मिसळीची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर होते. परड्याच्या जमेची ही शेवटची मोठी नोंद. तिच्यानंतर पाणी आटत जाते.

या आटण्याचाही इतिहास आहे, आणि तो निसर्गापेक्षा माणसाने अधिक घडवला आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झाले आणि १९२८ मध्ये त्याच्या जागी बरेच मोठे धरण पूर्ण झाले. तेथे साठलेले पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण या अवर्षणप्रवण मुलखाला गेले. वेल्ह्यातले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुण्यावर कोसळलेल्या आपत्तीची आठवण सर्वांनी ठेवली. तोच बांध पुन्हा उभा राहिला आणि वरसगावच्या पाण्यासह पुणे शहराची तहान भागवू लागला. पुढे गुंजवणी आणि नीरा-देवघर ही धरणे झाली. नदीकाठची जुनी गावठाणे बुडाली तेव्हा शतकानुशतके राख-शेणाने मुरलेली पांढरी पाण्याखाली गेली, आणि वर मुरमाड उतारावर वसलेल्या घरांना परड्याची माती नव्याने घडवावी लागली. बुडालेल्या शेताची भरपाई मोजली जाते. पांढरीतल्या मातीचा कस मात्र मोजायला कोणी आले नाही. ज्या डोंगरांवर एवढा पाऊस पडतो त्यांच्याच कुशीतल्या वाड्यांत चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन चालतात, आणि परड्यातला कढीपत्ता, शेवगा, गवती चहा एवढेच जिवंत राहते. हा अन्याय सौम्य शब्दांत मांडण्याचे काही कारण नाही.

पुरुष मुंबईला कामाला गेल्यावर परडे सर्वस्वी बायकांकडे आले आणि बियाण्याचे ज्ञानही त्यांच्याचकडे राहिले. वेलावरचे दुसरे-तिसरे निकोप फळ खुणेची चिंधी बांधून राखायचे, ते वेलावरच वाळू द्यायचे, हलवल्यावर आत बी खुळखुळले की उतरवायचे, चुलीवरच्या धुरात टांगायचे आणि मग बी राखेत कालवून मडक्यात ठेवायचे, असा हा क्रम आहे. फळमाशीने डंख केलेले फळ वाकडे होते आणि आतून सडते. असे फळ बियाण्याला कधीच ठेवत नाहीत, त्यामुळे दरवर्षीचे अपयश निवडीच्या रूपाने पुढच्या वर्षाच्या उपयोगी पडते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कार्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सह्याद्रीच्या या परंपरेला राष्ट्रीय मान मिळाला. दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याचे फळ पहिल्या वर्षी भरघोस येते, पण त्याचे बी राखले तर पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत. म्हणून ज्या घरांनी पाकीटबंद बियाणे धरले त्यांच्याकडे मडक्यातले बियाणे दोन-तीन वर्षांतच संपते, आणि वाण एकदा गेला की तो शेजारणीकडे असला तरच परत मिळतो.

अलीकडे ग्रामीण उपजीविकेसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचतगटांतून आणि शाळांच्या पोषण आहाराच्या निमित्ताने परसबागेला सरकारी कागदावर नाव मिळाले आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते हे मांडवाच्या वर्षाला सोयीचे वाटते. पण वैशाखात आळी करून वेल जगवण्याचे काम उन्हाळी सुटीत पडते, म्हणून शाळेच्या बागेतली वेलभाजी मृगावर पेरली जाते आणि घाटाकडच्या गावांत ती आषाढाच्या झडीत सापडते. पालेभाज्या आणि हिवाळी वाफे या बागांत चांगले येतात. वेलांसाठी मात्र जेथे गावातल्या एखाद्या आजीने घरी वाढवलेली रोपे जूनमध्ये शाळेला दिली, तेथे श्रावणात मांडव भरण्याची शक्यता अधिक असते.