१२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग. सतरा अंकी, विषम, आणि उलटीकडून वाचली तरी तीच राहणारी संख्या. एकं, दहं, शतं म्हणत गेले की डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी पडतो. परार्ध त्याच्या पुढचेच घर.

अंकांची ही चढण-उतरण पुष्कळदा चमत्कार म्हणून सांगितली जाते. खरे तर ती शाळकरी गुणाकारातून येते. १११११११११ ची तीच ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहायची. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक १ येतो, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, पुढे पुन्हा एकेक कमी. कुठलीच बेरीज ९ च्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही. सगळी गंमत एवढीच. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या रकान्यात १० होतात आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. चढत्या बाजूचा ८ गळतो, उलटसुलट सारखेपणा मोडतो. अष्टमान पद्धतीत हाच नमुना सात एकांपर्यंतच टिकतो.

या कुळातली धाकटी संख्या १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांच्या संख्येचा वर्ग, नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आढळते. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन आहे.

आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच: ३ (चार वेळा), ३७ (दोनदा) आणि ३३३६६७ (दोनदा). विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ हा १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ नाव दिले. उलट, संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

देवळालीत शिक्षकी करणाऱ्या कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्यांतही ती बसते. नाव जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावरून. कल्पना त्यांना तिथे सुचली. डेम्लो संख्येच्या पहिल्या आणि शेवटच्या भागांची बेरीज केली की मधलाच अंक पुन:पुन्हा यावा लागतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. इथे १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९, आणि मध्ये ९. केवळ एकांनी बनलेल्या संख्यांच्या वर्गांना कापरेकरांनी ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटले आहे.