प्रथिनाची ओळखपरेड
शुद्ध केलेले प्रथिन हवे होते तेच आहे, हे कशावरून ओळखावे? माणसाच्या व डुकराच्या इन्सुलिनमध्ये भेद केवळ एका अमिनो आम्लाचा. डोळ्यांना दोन्ही सारखीच. परंतु रेणू तोलला, तर पहिल्याचे वजन सुमारे ५८०८ व दुसऱ्याचे ५७७८ भरते.

असा काटा, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, केंब्रिजच्या ॲस्टन यांनी १९१९ सालीच सिद्ध केला होता. मात्र तोलावयाचा रेणू विद्युद्भारित होऊन वायुरूपाने उडावा लागतो, आणि प्रथिन तापविले की मोडे. १९८५ साली क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतील तरुण अभियंते कोइची तानाका यांच्या हातून कोबाल्टच्या चूर्णात चुकून ग्लिसरीन मिसळले. ते मिश्रण टाकून न देता त्यांनी त्यावर लेझर किरण सोडला, आणि नाजूक रेणू अखंड उडाला! १९८७ पर्यंत प्रथिनेही या काट्यावर आली. अमेरिकेत जॉन फेन यांनी विद्युद्भारित तुषारांची निराळी वाट काढली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला.

आता ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करून त्यांच्या वजनांवरूनही ओळख पटवितात. कारण निर्भेळ असणे निराळे आणि तेच असणे निराळे. औषध टोचून घेणाऱ्या रुग्णाला दोन्हींची हमी हवी.