पारपत्रावरील नाव आणि लिंगनोंद

नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय १९२५ साली उभारले गेले. पूर्वी विलायतेहून छापून येणारी टपाल तिकिटे पुढल्याच वर्षापासून तेथे छापली जाऊ लागली. पारपत्राची, म्हणजे पासपोर्टची, पुस्तिकाही तेथेच तयार होते. मात्र धारकाच्या तपशिलाचे पान तेथून कोरेच बाहेर पडते. या पानावर नाव व लिंग या नोंदी शेजारी शेजारी येतात. त्या बदलून घेण्याचे मार्ग मात्र अगदी भिन्न राहिले आहेत.

नावाचा प्रश्न तुलनेने सोपा होता. विवाहानंतर वधूचे नाव, मधले नाव व आडनाव ही तिन्ही बदलण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नाव पालटू शकते ही कल्पना कचेऱ्यांना नवी नव्हती. अन्य कारणांसाठी राजपत्राची सोय होती. व्यक्तीने आपला निर्णय प्रसिद्ध करावयाचा आणि शासनाने त्याची नोंद घ्यावयाची, असा हा क्रम होय.

लिंगनोंदीस हा न्याय मिळाला नाही. २००५ साली पारपत्राच्या अर्जात स्त्री व पुरुष यांखेरीज ‘ई’ हे तिसरे अक्षर आले. ते ‘यूनक’, म्हणजे षंढ, या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होते. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची नोंद करणाऱ्या १८७१ च्या अधिनियमाच्या शीर्षकात हाच शब्द होता, आणि त्याखाली अशा व्यक्तींच्या पोलिसी नोंदवह्या ठेवल्या जात. हेतू आता निराळा होता, यात शंका नाही. परंतु मान्यता देतानाही शासनाला पाळतीच्या परिभाषेतीलच शब्द सुचावा, ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे. शिवाय जी व्यक्ती स्वतःस स्त्री मानते, तिला हे तिसरे अक्षर नकोच होते.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ खटल्यात निर्णय दिला. मूळच्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी त्यात हस्तक्षेप अर्ज केला होता. आपले लिंग स्त्री, पुरुष की तृतीय हे व्यक्तीने स्वतः ठरवावे, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदेशीर होय, असे न्यायालयाने म्हटले. लिंगनोंद येथे प्रथमच नावाच्या पंक्तीस येऊन बसली.

हे स्थान टिकले नाही. २०१९ च्या अधिनियमाने स्वनिर्धारणाचा हक्क शब्दतः मान्य केला, परंतु प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपविला. आणि ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला मागितला. जाहीर करणारी व्यक्ती पुन्हा अर्जदार झाली. नाव राजपत्राने बदलले आणि लिंगनोंद जुनीच राहिली, तर एकाच पानावरील दोन नोंदी एकमेकींस खोट्या पाडतात, आणि परक्या विमानतळावर त्या विसंगतीचा जाब धारकालाच द्यावा लागतो.