कृत्रिम बुद्धिमत्ता : गौण विषयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवीस्तरावर मुख्य विषयासोबत अन्य विद्याशाखेतील गौण विषय अभ्यासण्यास वाव दिला. कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कृत्रिम बुद्धिमत्ता कशासाठी शिकावी, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. त्याचे उत्तर या विषयाच्या इतिहासात आढळते.

१९४३ मध्ये चेतापेशींच्या कार्याचे गणिती प्रारूप चेताशास्त्रज्ञ वॉरन मॅक्युलक व तर्कशास्त्रज्ञ वॉल्टर पिट्स यांनी मांडले. यंत्र विचार करू शकेल काय, याची चर्चा करणारा अ‍ॅलन ट्युरिंग यांचा लेख १९५० मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५६ च्या डार्टमथ परिषदेत सहभागी झालेले हर्बर्ट सायमन मूळचे राज्यशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांना १९७५ मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार व १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘एलायझा’ ही संवाद साधणारी आज्ञावली १९६६ मध्ये सादर करणारे जोसेफ वायझेनबाउम यांनी १९७६ च्या ग्रंथात, कोणते निर्णय यंत्रावर सोपवू नयेत, हा नैतिक प्रश्न उपस्थित केला.

यावरून असे दिसते की, हा विषय प्रारंभापासूनच अनेक विद्याशाखांच्या संयोगातून घडला. गौण अभ्यासक्रम केवळ आज्ञावली-लेखनापुरता मर्यादित राहिल्यास वायझेनबाउम यांचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडणार नाही. म्हणून त्यात तर्कशास्त्र, भाषा व नीतिशास्त्र यांना स्थान देणे आवश्यक ठरते.