'तीन महिन्यांत अ‍ॅप देतो': हा अंदाज की वचन?

समजा, पनवेलमध्ये मुंबई-गोवा महामार्गालगत हॉटेल चालवणाऱ्या मालकाला ऑर्डरसाठी अ‍ॅप हवंय. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता, "३ महिने, ४ लाख." तो म्हणतो, "चालेल, पण गणपतीआधी हवंच." मग मागण्या वाढतात, गणपती येऊन जातात, अ‍ॅप अर्धवटच. आता जबाबदार कोण?

अजाइलमध्ये गोंधळ का होतो?
अजाइल पद्धतीत काम एक ते चार आठवड्यांच्या 'स्प्रिंट'मध्ये होतं. प्रत्येक टप्प्यानंतर ग्राहकाला काम दाखवून पुढचं ठरवतात. म्हणजे काम बदलणार हे गृहीतच असतं. पण सुरुवातीला सांगितलेला आकडा ग्राहकाच्या डोक्यात पक्का बसतो.

कायदा काय सांगतो?
भारतीय करार कायदा, १८७२ इथे लागू होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून अवैध ठरत नाही. त्यामुळे चॅटही पुरावा होऊ शकतं.

- कलम ५५: वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर ग्राहक करार रद्द करू शकतो.
- कलम ७३: करार करताना दोघांनाही कल्पना असलेल्या नुकसानाची भरपाई मागता येते. 'गणपतीआधी' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा.
- कलम ७४: करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी कोर्ट तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं.

अंदाज चुकला म्हणून काम थांबवलं तर?
ब्रिटनमध्ये डी बिअर्स या हिरे कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम अ‍ॅटॉस ओरिजिनने घेतलं. काम किती किचकट आहे याचा अंदाज चुकला. जादा पैसे मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. २०१० मध्ये तिथल्या कोर्टाने हा करारभंग ठरवला.

मग काय लिहून ठेवायचं?
- एकच आकडा नको, '३ ते ५ महिने' अशी रेंज द्या.
- 'हा अंदाज आहे, हमी नाही' असं स्पष्ट लिहा.
- अंदाज कशावर बेतलाय ते नोंदवा: किती स्क्रीन, मजकूर कोण देणार, मंजुरी किती दिवसांत.
- नवी मागणी आली की वाढीव वेळ आणि पैसे ई-मेलवर मंजूर करून घ्या.
- पैसे स्प्रिंटनुसार घ्या. मध्येच थांबायचं झालं तर हिशेब कसा होणार आणि भरपाईची कमाल मर्यादा किती, हेही ठरवा.

ग्राहकाला ठरावीक तारीख हवीच असेल, तर त्या तारखेला नेमकी कोणती फीचर्स मिळतील ते लिहा. रक्कम मोठी असेल तर सहीआधी करार वकिलाला दाखवा.