फझल कुरेशी : जॅझमध्ये रमलेला मधला भाऊ

15 डिसेंबर 2024ला उस्ताद झाकिर हुसैन यांचं निधन झालं. तबला पोरका झाला, असं आमच्या नांदेड-लातूरकडेही अनेकजण म्हणाले. मला ते पटलं नाही. कारण त्याच घरात फझल कुरेशी आहेत.

फझल यांचा जन्म 1961चा. झाकिरभाईंहून दहा वर्षांनी लहान, तौफिक कुरेशींहून थोरले. तालीम वडिलांकडे, उस्ताद अल्लारखांकडे झाली. अल्लारखा जम्मूकडचे, घराणं पंजाब, संसार मुंबईत. 1968मध्ये त्यांनी अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिच यांच्यासोबत अल्बम केला. म्हणजे फझल लहान असतानाच जॅझ या घरात पोहोचलं होतं.

शास्त्रीय मैफलीत साथ करणारे फझल 1980च्या दशकाच्या अखेरीस 'मिंटा' या स्वीडिश जॅझ-फ्यूजन बँडमध्ये गेले. बेसवादक क्रिश्चन पॉलिन त्याचे संस्थापक. पुढे शंकर महादेवनही या बँडमध्ये गायले. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. तीनतालात सोळा मात्रा फिरून समेवर यावं लागतं. जॅझवाला बारा किंवा बत्तीस मापांच्या चौकटीत भटकतो आणि पुन्हा पहिल्या मापावर येतो. दोघांनाही मोकळीक आहे, दोघांनाही घरी परतण्याची शिस्त आहे. फझल यांनी तबल्याचा तबलापणा न सोडता ही दोन्ही घरं जोडली. बँडमध्ये एकट्याने चमकायचं नसतं, इतरांचं ऐकायचं असतं. साथीची तालीम तिथे कामी आली.

संगीत आपलं नव्हे, असं आपल्यातले काहीजण म्हणतात. मुसलमानांनी या देशाला काय दिलं, असं बाहेरचे काहीजण विचारतात. दोघांनाही उत्तर द्यायला हे एक घर पुरेसं आहे. पंजाब बाजाची मुळं पखवाजात सांगतात. तबला नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला वाजतो आणि आमच्या उरुसांत कव्वालीलाही. तोच तबला फझल यांनी स्वीडनच्या मंचावर नेला.

मुंबईत वडिलांच्या नावाच्या संस्थेत फझल आजही शिकवतात. 3 फेब्रुवारी हा अब्बाजींच्या वफातीचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी मुंबईत त्यांच्या आठवणीत मैफल होते. थोरल्या भावाच्या प्रसिद्धीशी फझल यांनी स्पर्धा केली नाही, स्वतःची वाट धरली. घराणं एका नावावर चालत नाही. ते अशा कमी गाजलेल्या, पण रोज रियाझाला बसणाऱ्या माणसांवर चालतं.